सायक्लोस्टाइलवरची मुंबई

(नागरा, जि. गोंदिया येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फ्रँक ओहारा नावाचा एक कवी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात नोकरीला होता. दुपारी जेवायची सुट्टी झाली की तो बाहेर पडायचा, रस्त्यावर भटकायचा आणि परत येऊन कविता लिहायचा. जुलै 1959 मध्ये बिली हॉलिडे ही कृष्णवर्णीय गायिका वारली. त्यावर ओहाराने जी कविता लिहिली, तिच्यात बराच वेळ मृत्यूचं नावही येत नाही. किती वाजलेत, संध्याकाळी कुठली गाडी पकडायची आहे, बूट पॉलिश करून घेतले, बँकेत गेलो, मित्रांसाठी पुस्तक घ्यायचं की दारूची बाटली, सिगारेटी घेतल्या, अशी नुसती कामांची यादी चाललेली असते. शेवटी हातातल्या वर्तमानपत्रावर त्या गायिकेचा चेहरा दिसतो आणि वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. शोककवितेत आपण फुलं, अश्रू, मावळतीचा सूर्य पाहत आलो. इथे बँकेचं काम आहे. त्या कामामुळेच ते मरण खरं वाटतं.

ओहारा, जॉन अ‍ॅशबेरी, केनेथ कोक, जेम्स स्कायलर आणि बार्बरा गेस्ट या कवींच्या गटाला पुढे ‘न्यूयॉर्क स्कूल’ म्हणू लागले. ते नावही चित्रकारांकडून उसनं आलेलं. हे कवी विद्यापीठांच्या दिवाणखान्यांपेक्षा चित्रकारांच्या स्टुडिओत जास्त रमले. त्यांची सुरुवातीची छोटी पुस्तकं टिबॉर डी नाज नावाच्या चित्रदालनाने काढली. ओहाराचं पहिलं पुस्तक 1952 सालचं, त्यात लॅरी रिव्हर्स या चित्रकाराची रेखाटनं होती. 1966 मध्ये समुद्रकिनाऱ्यावर गाडीची धडक बसून ओहारा गेला, तेव्हा तो जेमतेम चाळिशीचा होता.

आता तुम्ही विचाराल, नागऱ्यात बसून या लोकांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो मुंबईवरून जातो. गोंदियाच्या स्टेशनातून हावडा-मुंबई मेल रोज सुटते. ती ज्या शहरात जाऊन थांबते, त्या शहरात ओहाराच्याच काळात, त्याचं नावही न ऐकता, काही मराठी पोरं जवळजवळ तेच करत होती. त्यांचं ते काम म्हणजे आजचा माझा विषय. ती पोरं अमेरिकेची नक्कल करत होती, असं आजही म्हटलं जातं. ते मला मान्य नाही. का मान्य नाही, तेवढं सांगायला मी आलो आहे.

1954-55 च्या सुमारास मुंबईत ‘शब्द’ नावाचं एक मासिक निघालं. मासिक म्हणायचं ते केवळ आदराने. ते सायक्लोस्टाइल केलेले कागद होते. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ, बंडू वझे ही त्यामागची मंडळी. चित्रे 1938 सालचे, म्हणजे तेव्हा शाळकरी वय नुकतंच ओलांडत होते. कोलटकर त्यांच्यापेक्षा काही वर्षांनी मोठे, कोल्हापूरहून आलेले, चित्रकलेचं शिक्षण घेणारे.

सभागृहात निवृत्त शिक्षक बरेच दिसतात, म्हणून विचारतो. सायक्लोस्टाइल आठवतं ना? सहामाहीचे पेपर त्याच्यावरच निघायचे. मेणाचा थर दिलेला पातळ स्टेन्सिल कागद घ्यायचा. टाइपरायटरची रिबन काढून त्यावर टाइप करायचं, म्हणजे अक्षरागणिक मेण कापलं जातं. मराठी टाइपरायटर हाताशी नसेल, तर टोकदार लेखणीने हातानेच कोरायचं. जोर जास्त झाला की कागद फाटतो, कमी झाला की अक्षर उमटत नाही. चूक झाली तर करेक्शनचा तो उग्र वासाचा द्रव लावून फुंकर मारत वाळवायचा. मग स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. पहिल्या प्रती शाईने बरबटलेल्या, शेवटच्या फिकट. एका स्टेन्सिलवर काहीशे प्रती निघाल्या की ती निकामी. संध्याकाळी सगळ्यांची बोटं काळी.

हे इतकं तपशिलात सांगतो, कारण या कवितेचा स्वभाव त्या यंत्राने घडवला असं माझं ठाम मत आहे. संपादकाकडे कविता पाठवून सहा महिने उत्तराची वाट पाहायची, त्याने सुचवलेला शब्द बदलायचा, त्याच्या अंकात कडेला कुठेतरी जागा मिळवायची, यातलं काहीही इथे नव्हतं. कविता सोमवारी लिहिली तर शनिवारी मित्राच्या हातात. वाचणारे ओळखीचे. त्यामुळे प्रस्तावना नको, समजावून सांगणं नको. भारदस्त शब्दांची शालही पांघरावी लागत नाही. ओहाराच्या कवितांत मित्रांची नावं अशीच येतात, ओळख करून न देता. तिथेही हेच यंत्र होतं, त्याला ते मिमिओग्राफ म्हणत. 1961 मध्ये लिरॉय जोन्स आणि डायान डी प्रिमा यांनी ‘फ्लोटिंग बेअर’ नावाचं असंच पत्रक काढलं. ते विकत मिळत नसे, पोस्टाने माणसांच्या यादीवर जाई. त्यातल्या मजकुराला अश्लील ठरवून जोन्सना त्याच वर्षी अटकही झाली. पुढे टेड बेरिगन या तरुण कवीने ‘सी’ नावाचं मासिक याच यंत्रावर छापलं. दोन शहरं, दोन भाषा, एकच स्वस्त यंत्र. इथे कोणी कोणाचं पाहून लिहिलं नाही. दोन्हीकडच्या तरुणांकडे पैसे नव्हते आणि दोन्हीकडच्या प्रतिष्ठित मासिकांना त्यांची भाषा चालत नव्हती, एवढंच त्यांच्यात सारखं होतं.

मराठीत ही जमीन आधी नांगरून ठेवली होती ती बा. सी. मर्ढेकरांनी. 1947 मध्ये त्यांच्या ‘काही कविता’ आल्या आणि मराठी कवितेत गिरणीचा भोंगा, लोकलगाडी, पिंपातले उंदीर आले. चित्र्यांच्या घरी तर ‘अभिरुचि’ हे मासिकच होतं, त्यांचे वडील ते बडोद्याहून काढत. म्हणजे मासिक काढणं ही गोष्ट या मुलांना आभाळातून पडलेली नव्हती. त्यांनी नवं केलं ते हे, की मासिकातून प्रतिष्ठा काढून टाकली.

पुढे 1960 नंतर अशी मासिकं पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवली. अशोक शहाणे यांचं ‘असो’. औरंगाबादहून ‘वाचा’, त्यात भालचंद्र नेमाडे. ‘अथर्व’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘आत्ता’. नावं पाहा कशी तुटक आहेत. नियमित निघणं जमत नसे, म्हणून यांना अनियतकालिकं म्हणू लागले आणि चळवळीचं नावच ‘लघुअनियतकालिकांची चळवळ’ पडलं. 1963 मध्ये शहाण्यांनी ‘मनोहर’ मासिकात मराठी वाङ्मयावर क्ष-किरण टाकणारा तो गाजलेला लेख लिहिला आणि सगळ्या थोरामोठ्यांना नावानिशी अंगावर घेतलं. त्या वेळी त्यांचं वय तिशीच्याही आत होतं. त्यांना बंगाली उत्तम येई, कोलकात्यात तेव्हा ‘हंग्री’ कवींची पिढी धुमाकूळ घालत होती, आणि मुंबई-कोलकाता हा दुवा शहाण्यांमुळे जिवंत राहिला. आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या त्या लोहमार्गाच्या दोन टोकांना त्या काळात दोन बंडखोर कवितांचे अड्डे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

1962 च्या सुरुवातीला अ‍ॅलन गिन्सबर्ग मुंबईत आला. तो न्यूयॉर्क स्कूलचा नव्हे, बीट पिढीचा कवी, पण ओहाराचा मित्र. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या गच्चीवर त्याचं काव्यवाचन झालं. शहाणे, कोलटकर त्याला भेटले. इथेच नकलेचा आरोप चिकटतो. पण तारखा पाहा. ‘शब्द’ त्याच्या येण्याआधी सात-आठ वर्षं निघालेलं. चित्र्यांचा ‘कविता’ हा संग्रह 1960 चा. आणि 1960 च्याच आसपास कोलटकरांनी मुंबईच्या बाजारू हिंदीत एक कविता लिहून ठेवली होती. तिच्यातला माणूस मॅनेजरकडे पगार मागतो, मिळत नाही, मग तो आपल्या परीने मार्ग काढतो, पोलीस येतात, चहाचे कप येतात. रस्त्यावरच्या टपोरी भाषेत, एकही साहित्यिक शब्द न वापरता. या कवितेचं इंग्रजी कोलटकरांनी स्वतःच केलं, ते अमेरिकन सिनेमातल्या गुंडांच्या बोलीत. मुंबईचा मवाली आणि शिकागोचा मवाली त्यांना एकाच गल्लीत राहणारे वाटले. याला नक्कल म्हणायचं असेल तर बरोबरी कशाला म्हणायचं, मला कळत नाही.

आणखी एक पुरावा. ही माणसं अमेरिकन कवी वाचत होती हे खरं. पण त्याच वर्षांत कोलटकर तुकाराम आणि जनाबाईचे अभंग इंग्रजीत नेत होते. चित्र्यांनी तर तुकोबांना आयुष्याची कित्येक वर्षं दिली. ‘सेज तुका’ हा त्यांचा अनुवाद 1991 मध्ये आला, आणि 1994 मध्ये साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार त्यांना एकाच वेळी मिळाले, एक स्वतःच्या मराठी कवितेला, दुसरा या अनुवादाला. दळणकांडण करता करता देवाशी एकेरीत भांडणारी जनाबाई, दुकान बुडालेला, वह्या नदीत बुडवायला लागलेला तुकाराम, हे या पोरांचे पूर्वज होते. रोजचं काम कवितेत आणायला आपल्याला न्यूयॉर्कच्या परवानगीची गरज नव्हती. मधल्या दीड-दोनशे वर्षांत आपण ते विसरलो होतो.

त्या काळच्या प्रतिष्ठित मासिकाबद्दल, ‘सत्यकथे’बद्दल, न्यायाने बोललं पाहिजे. 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला आणि ‘येरू’मध्ये ढाल्यांनी ‘सत्यकथे’ची हजेरी घेतली. ही घटना इतक्यांदा सांगितली गेली आहे, की ‘सत्यकथा’ म्हणजे जुनाट किल्ला आणि ही पोरं म्हणजे मावळे असं चित्र झालं. प्रत्यक्षात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’ने कोलटकर छापले, चित्रे छापले. आपल्या विदर्भातल्या वसंत आबाजी डहाक्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता पहिल्यांदा तिथेच आली. राग होता तो दाराशी बसून कोण आत येणार हे ठरवण्याच्या अधिकारावर. तो राग रास्त होता असं मी मानतो. पण दारातल्या माणसाला वाचताच येत नव्हतं, असं मात्र म्हणू नये.

आणि एक गोष्ट न्यूयॉर्कच्या कवितेत कधीच आली नसती, ती इथे आली. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. पुण्याजवळच्या पूर गावात जन्मलेला, लहानपणीच मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या परिसरात आलेला, टॅक्सी चालवणारा मुलगा. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यासाठी ते त्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरले आणि अर्थ न लागणारे शब्द त्यांना विचारून घेतले. तेंडुलकर म्हणजे मुंबईत हयात घालवलेला मराठीतला मोठा नाटककार. त्याला आपल्याच शहरातली मराठी विचारून घ्यावी लागली! तोपर्यंतच्या शहरी कवितेचा कवी रस्त्यावरून चालत असे, बघत असे, आणि रात्री घरी जात असे. ओहाराही घरी जाई, कोलटकरही. ढसाळांच्या कवितेला जायला घर नाही. ती रस्त्यावरच राहते. त्याच वर्षी ढसाळ, ढाले आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथर ही संघटना उभी केली. छोट्या मासिकांनी स्वतः छापायचं धैर्य दिलं, पण कोणाच्या भाषेला शहर म्हणायचं हा प्रश्न ढसाळांनी विचारला. लघुअनियतकालिकांची सगळी पुण्याई एका बाजूला ठेवली आणि ‘गोलपिठा’ दुसऱ्या बाजूला, तरी मी ‘गोलपिठा’ उचलीन.

या चळवळीत एक मोठं रिकामपण आहे आणि ते झाकून चालणार नाही. बायका कुठे होत्या? न्यूयॉर्कच्या त्या पाचांत बार्बरा गेस्ट होती. डायान डी प्रिमा अंक टाइप करत होती आणि संपादनही करत होती. आपल्याकडे ज्यांची नावं मी घेत आलो, ती सगळी पुरुषांची. इराण्याच्या हॉटेलात तासन्‌तास बसणं, रात्री दोनला रस्त्याने फिरणं, ठरलेल्या वेळी घरी न जाणं हाच जर कवितेचा कारखाना असेल, तर त्या कारखान्यात बाईला शिरायला फाटकच नव्हतं. ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांचा ‘वाळूचा प्रियकर’ हा कवितासंग्रह 1979 मध्ये आला आणि 1984 मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन. ते आत्मकथन वाचल्यावर या बंडखोरांच्या घरात काय चाललं होतं ते कळतं. ज्यांना ही चळवळ प्रिय आहे, त्यांनी ते पुस्तक आधी वाचावं. मला ही चळवळ प्रिय आहे, म्हणून सांगतो.

पुन्हा कोलटकरांकडे येतो, कारण ओहाराच्या सगळ्यांत जवळ तेच पोचतात. पोटापाण्यासाठी ते जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार होते आणि त्या धंद्यातही मोठे गणले गेले. ‘जेजुरी’ ही त्यांची इंग्रजी कविता 1976 मध्ये क्लिअरिंग हाउस या प्रकाशनाने काढली. क्लिअरिंग हाउस म्हणजे कोण? आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर, चार कवींनी मिळून काढलेलं घरचंच दुकान. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्याच 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने काढला. पुरस्कार मिळाला म्हणून मोठा प्रकाशक गाठला नाही. शेवटपर्यंत मित्रांनीच छापलं. क्लिअरिंग हाउसच्या चौघांतल्या मेहरोत्रांनी साठच्या दशकात अलाहाबादेतून एक सायक्लोस्टाइल मासिक काढलं होतं. त्याचं नाव न्यूयॉर्कच्या एका बदनाम मिमिओग्राफ मासिकावरून सुचलेलं, आणि कोलटकरांची एक दीर्घ इंग्रजी कविता 1968 मध्ये तिथेच प्रथम छापली गेली. ओहाराच्या शहराशी सरळ धागा जोडायचा तर तो हा. तोही अलाहाबादवरून येतो.

मुंबईत काळा घोडा नावाचा एक चौक आहे. तिथला घोडा, म्हणजे इंग्लंडच्या राजाचा अश्वारूढ पुतळा, 1965 मध्येच उचलून राणीच्या बागेत नेला. नाव राहिलं. त्या चौकातल्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात कोलटकर वर्षानुवर्षं गुरुवारी दुपारी मित्रांबरोबर बसत. तिथल्या खिडकीतून जे दिसलं, त्याचं पुस्तक 2004 मध्ये, ते जाण्याच्या जरा आधी आलं. त्यात एक मोठी कविता सकाळच्या न्याहारीवर आहे. ती सुरू होते तेव्हा जगातल्या वेगवेगळ्या शहरांत आत्ता कोण काय खातंय याची खबर दिली जाते. मग चौकात एक बाई इडल्यांचा भला मोठा अ‍ॅल्युमिनियमचा डबा घेऊन येते. ती बसली की चारी बाजूंनी रस्त्यावरची माणसं गोळा होतात, म्हातारे, पोरं, लंगडे, नशेकरी. डबा उघडतो, वाफ येते, सांबार वाढलं जातं. अर्ध्या तासात डबा रिकामा, बाई उठून जाते आणि तिथे हॉटेल होतं याची खूणही राहत नाही. कवी करुणेचा एक शब्द उच्चारत नाही. इडल्या वाटल्या जाण्याचं काम तो इतकं नीट बघतो, की ती पंगत देवळातल्या महाप्रसादाच्या तोडीची होते. उंदीर मारायचं औषध विकणाऱ्या माणसाच्या दुपारच्या सुट्टीवरही त्याच पुस्तकात कविता आहे. ओहाराने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतल्या कवितांचं पुस्तक 1964 मध्ये काढलं होतं. कोलटकरांनी सुट्टी दुसऱ्याला दिली. दोघांतला हा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो.

आता आपल्याकडे. आमगावजवळचं पदमपूर हे भवभूतीचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय मिराशींनी दाखवून दिलं. इथून ते तासा-दीड तासाच्या वाटेवर. ‘मालतीमाधव’ नाटकाच्या आरंभी हा महाकवी आपल्याला नावं ठेवणाऱ्यांना सांगतो, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाही, माझ्यासारखा कोणीतरी पुढे कधीतरी, कुठेतरी जन्मेल, त्याच्यासाठी आहे. काहीशे प्रती काढून अनोळखी पत्त्यांवर पोस्टात टाकणाऱ्या पोरांना हेच म्हणायचं होतं. आणि ते पत्ते सगळे मुंबईचे नव्हते. ही मासिकं औरंगाबाद, नागपूर, अमरावती करत तालुक्याच्या गावी शिक्षकांना, पोस्टमास्तरांना, बँकेत बदली होऊन आलेल्या एखाद्या कारकुनाला पोचत होती. या चळवळीला ‘महानगरी’ म्हणणारे समीक्षक या पोस्टाच्या थैलीला विसरतात.

झाडीपट्टीतल्या तरुण मित्रांना एक विचारायचं आहे. तुम्ही घरी झाडीबोली बोलता. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं त्याच बोलीत रंगतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी आयुष्य वेचलं. पण कविता लिहायला बसलात की हात प्रमाण मराठीकडे जातो, आणि विषय हटकून पाऊस, आई, गाव. गोंदियाच्या राइस मिलमधला हमाल, बालाघाटच्या गाडीला लटकलेले प्रवासी, तेंदूपानाच्या फडीवर पुडे मोजणारा मुन्शी, मोबाइलच्या दुकानातली पोरं आपसात हिंदी, छत्तीसगढी, पोवारी, झाडी मिसळून जे बोलतात ते, हे कुठे आहे? कोलटकरांना टपोरी हिंदीत कविता लिहिता आली, ती छापायला कोणाचा होकार लागला नाही म्हणून. आज तर तुमच्या हातातल्या फोनमध्ये सायक्लोस्टाइलपेक्षा शंभरपट ताकद आहे.

शेवटी एक विनंती. सायक्लोस्टाइलचा कागद फार काळ टिकत नाही. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो, शाई मागच्या बाजूला उतरते. हे अंक मोठ्या ग्रंथालयांनी तेव्हा घेतले नाहीत, कारण त्यांना नोंदणी क्रमांक नव्हता, किंमत नव्हती, कधी तारीखही नव्हती. जे उरलेत ते माणसांच्या घरी आहेत. या जिल्ह्यात, भंडाऱ्यात, तुमसरला, साकोलीला, कोणाच्या वडिलांच्या किंवा मास्तरांच्या ट्रंकेत ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’, ‘येरू’ किंवा नाव फाटलेला असा एखादा अंक असेल, तर तो रद्दीत घालू नका. इथल्या वाचनालयात आणून द्या. पानं सुटी असली तरी चालेल, दोऱ्याने शिवू नका आणि त्यांना चिकटपट्टी लावू नका.